पंच क्रमांक दोन

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

श्रावणी सोमवार, पोटात उपास आणि मशीनमध्ये कागद अडकलेला. त्यात समोरच्या पोलीस ठाण्यातला जमादार रस्ता ओलांडून आलाच. "ताई, पंचाची एक सही." दोन कोरे कागद. आमचे हे नांदेडला माल आणायला गेलेत, नाहीतर त्यांचीच घेतली असती. करून टाकली. ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान म्हटल्यावर हे आलंच. दहा वर्षांत किती केल्या, देव जाणे. एरवी विचारत नाही, आज विचारलं. म्हणाला, "पाण्याच्या मोटारी चोरणारा एक उचललाय. अटकेचा पंचनामा हाय, मागून लिवतो निवांत."

तो चोर म्हणजे भुजंग टेम्पोवाला! लातूरहून माझे कागदाचे गठ्ठे आणतो तो. दोन शिपायांच्या मधून चांगला ताठ चालत आत गेला, जाताना मला हातही केला. हा मोटारी चोरणार? याला स्वतःच्या टेम्पोची किल्ली सापडत नाही.

१३ ऑगस्ट

भुजंग मेला. ठाण्यात. म्हणे छातीत कळ आली. एकतीस वर्षांचा माणूस!

शेजारचा खाजाभाई चहावाला दवाखान्यात जाऊन आला. स्टोव्ह पेटवता पेटवता म्हणाला, "बाई, पीठ पूरी काली थी उसकी. मैं देखा ना."

१४ ऑगस्ट

गाव कडकडीत बंद. मीही शटर ओढलं आणि मोर्चात गेले. आयुष्यात पहिल्यांदा!

वाटलं होतं भुजंगच्या वडारवाड्यातले शंभरेक लोक असतील. पण मोमीन गल्ली आली, भीमनगर आलं, खेड्यांतून मराठे ट्रॅक्टर भरून आले. आमच्या समाजाचे गुरुपादप्पा, ज्यांच्या अडतीत वडार माणसाला पायरीवरच उभं करतात, ते पुढे चालत होते. या गावात लोक जयंतीला एकमेकांच्या झेंड्याची उंची मोजतात. आज एकच झेंडा, तिरंगा. भुजंगची बायको तारामती मधोमध, आणि तिला कुणाचा धक्का लागू नये म्हणून पोरींनी हाताला हात धरलेले. त्यांतल्या कोण कुणाच्या, ओळखू येईना.

मी रडले. खोटं कशाला लिहू? वाटलं, हा देश अजून एक आहे. मार एकाला बसला की सगळ्यांना लागतो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. ठाण्यातही झालं. त्यांनी दुकानात जिलेबी पाठवली. तशीच ठेवली.

१८ ऑगस्ट, सोमवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

तारामती आली होती. वकिलानं तिला झेरॉक्स काढायला पाठवलं. माझ्याच दुकानात! काचेवर कागद ठेवता ठेवता नजर गेली — 'अटक करतेवेळी सदर इसमाच्या पाठीवर व मांड्यांवर टेम्पोवरून पडल्याचे जुने वळ दिसून आले.' खाली पंच क्रमांक दोन. सही माझी. म्हणजे तो आत गेला तेव्हाच काळानिळा होता, हे मी सांगितलंय. मी! ज्या मला त्यानं हात केला.

पंच क्रमांक एक — खाजाभाई. वा! हिंदू-मुस्लिम एकी पाहायची तर हा कागद पाहा.

तारामतीला वाचता येत नाही. "ताई, मारलेलं लिवलंय का ह्यात?" मी म्हटलं, वकिलाला विचार. पाच प्रती काढून दिल्या. स्वच्छ आल्या.

खरं सांगून टाकते, असं घरी म्हटलं तर हे म्हणाले, "तू काय करून राहिलीस, कळतंय का? समोर ठाणं हाय. रोज त्यांच्या तोंडाला तोंड." बरोबर येता का, असं खाजाभाईला विचारलं तर त्यानं कपच आपटला. "बाई, तुमकू एक बार पूछेंगे. मेरेकू रोज पूछेंगे." मोर्चात घोषणा देताना हे कुणाला सुचलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, पोळा

ठाण्याच्या आवारात शांतता समितीची बैठक. गणपती आणि ईद तोंडावर. बोलावण्याच्या प्रती मीच काढल्या होत्या, म्हणून मीही जाऊन मागे बसले.

मोर्चाच्या पुढच्या रांगेतले सगळे आज खुर्च्यांवर. गुरुपादप्पा उठले. "मेलेला परत येत न्हाई. गावाची एकी टिकली पाहिजे." टाळ्या! मोमीन गल्लीच्या टाळ्या, भीमनगरच्या टाळ्या, सगळ्या जातींच्या. तारामतीला आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम देणार, आणि 'गैरसमज दूर झाले' असं पत्रक निघणार. मग ठाण्याच्या साहेबांना मध्ये घेऊन फोटो. तारामतीला मात्र बोलावलंच नव्हतं.

मला हवी होती ती एकी झाली बरं का! आठ दिवसांपूर्वी ज्यांच्यासाठी रडले, ते हेच. माझंच तोंड मला कडू लागतंय.

२५ ऑगस्ट

ठरवलं. उद्या लातूरला, भुजंगच्या मृत्यूची कोर्टात चौकशी चालू आहे, तिथे जबाब द्यायचा. हे जेवले नाहीत.

२६ ऑगस्ट

सकाळच्या एसटीत शेजारी खाजाभाई येऊन बसला! नवा सदरा, दाढी कोरलेली. लातूरला उतरताना म्हणाला, "चलो, होनेकू जो होना सो."

दोघांनी सांगितलं. कोऱ्या कागदावर सही, आणि भुजंग धडधाकट आत गेला. न्यायाधीशांनी विचारलं, याआधीही अशा सह्या केल्या? हो म्हटलं. किती? आठवत नाही म्हटलं. तेही त्यांनी लिहून घ्यायला लावलं.

२८ ऑगस्ट

पेपरात नावानिशी आलं. ठाण्याचं गिऱ्हाईक तुटलं. गुरुपादप्पांच्या सूनबाईंनी मंदिरात तोंड फिरवलं. फिरवू दे! तारामती दुकानात आली, माझा हात दोन्ही हातांत धरला.

खूप दिवसांनी झोप लागेल. मी बरी बाई आहे, असं वाटून राहिलं. यांनीही आज स्वतःहून चहा केला.

३ सप्टेंबर

शटर उघडलं तर पायरीवर एक बाई. किनवटकडची, दोन एसट्या बदलून आलेली. चार वर्षांपूर्वी नवरा-बायको इकडे ऊसतोडीला आले होते. नवरा शेषेराव, चोरीच्या केसमध्ये आत आहे, सात वर्षांची सजा. तिनं घडी पडलेला कागद पुढे केला. "पोरीनं पेपर वाचून दाखीवला. ताई, ह्या कागदावरली सही बी कोऱ्यावरच केलती का?"

सही माझी. कोर्टात जाऊन 'हो, माझीच' असंही तेव्हा सांगून आले असणार. मला शेषेरावचा चेहरासुद्धा आठवला नाही.

तिला आत बसवलं, पाणी दिलं. बाहेर आणखी तिघी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात तसाच कागद. एक बुरख्यातली, एक तांड्यावरची, आणि एक आमच्याच गल्लीतली.