समभाव आणि बाबांची खोली

३ मार्च, सकाळी ७.३०
आजपासून ध्यान. रोज चाळीस मिनिटं, आयुष्यभर. गुरुजींचा हॉल दातांच्या दवाखान्याच्या वर. सतरंजीला पायांचा वास. शेजारचा टकलू सारखा घसा खाकरतो. शिसारी आली. तरी चेहरा प्रसन्न ठेवला. गुरुजींनी पाहिलं असावं.

४ मार्च
उठलो नाही. सुरुवातीला शरीर जड होतंच.

९ मार्च
गुरुजी म्हणाले, ज्याची किळस येते त्याच्याजवळ बसा आणि श्वास बघा. एकदम पटलं. घरी आलो तर बाबांनी चादर खराब केलेली. आठ महिने अंथरुणावर आहेत. बायको म्हणाली, जरा धरा त्यांना. म्हटलं, नुकताच ध्यानातून उठलोय, मन हलवता येणार नाही. ती गप्प झाली. माझ्यामुळे घरात शांतता येतेय.

१५ मार्च
हॉलचं बेसिन तुंबलं. गुरुजींनी बाही सरसावून आत हात घातला आणि केसांचा गिळगिळीत बोळा काढला. मी मागे सरकलो. लांबूनच हात जोडले. टकलू मदतीला धावला. दिखाऊ माणूस!

२१ मार्च
उद्या गुरुजी घरी येणार. मला अॅडव्हान्स बॅचला घेणार, नक्की. बाहेरच्या खोलीत रूम फ्रेशनर मारला. बाबांचं दार बंद.

२२ मार्च, दुपारी
बाबा खोकले आणि गुरुजी सरळ आत. त्यांची लाळ पुसली, वाढलेली नखं कापली. तासभर! चहा गार. मी दारात, नाकाला रुमाल. जाताना म्हणाले, उद्यापासून हॉलवर येऊ नका, तुमची बॅच याच खोलीत. बायको तोंड फिरवून हसली. तिला काय कळतंय? इतक्या लवकर स्वतंत्र साधना कुणाला मिळते? टकलू तीन वर्षं सतरंजीवरच आहे.

२३ मार्च, सकाळी ७
आज बाबांचं अंग मी पुसणार. संपूर्ण समभावाने. बायकोला सांगितलं, तू पेपर वाच.

७.२०
पाठीपर्यंत टिकलो. कुशीवर वळवलं, खालची चादर दिसली, आणि ओकलो. बादलीत, गादीवर, थोडं बाबांच्या हातावरही.
बाबांनी हात झटकला नाही. पांघरुणाचं टोक ओढलं आणि माझं तोंड पुसलं. मग म्हणाले, जा, सूनबाईला बोलाव.
बोलावलं.