पाणी तुम्ही घातलं होतं

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका, मी धडधाकट आहे. फोन केला की तुमची लेक उचलते आणि "आई जरा पडलीये गं मामी, नंतर कर" म्हणते. म्हणून लिहायला बसले.

काल विजेच्या कुकरमध्ये भात करपला. माझ्या हातून. पाणी तुमच्यासारखंच बोटाच्या पेरापर्यंत घातलं होतं. "घातलं हं" असं मोठ्याने म्हटलंही होतं. हल्ली भिंतींशी बोलते मी. तरी तोच वास आला. प्लग काढला, खिडकी उघडली आणि तुमच्या स्टुलावर मटकन बसले. तुमच्या हातून तिसऱ्यांदा भात करपला तेव्हा तुम्ही तिथेच बसून म्हणाला होतात, "पाणी घालायला विसरले गं, मड्डम. आज भात जाळला, उद्या तुला जाळीन." आणि बॅग भरून लेकीकडे गेलात. मी किती विनवलं! पण हट्टात तुमचा हात कोण धरणार?

कुकर गार झाल्यावर भांडं उचलून पाहिलं. तळाला पोचा नाही, काही नाही. खालच्या तापणाऱ्या चकतीच्या मधोमध स्प्रिंगवर एक बटण असतं. ते भांड्याला टेकून त्याची उष्णता जोखतं, म्हणून आतलं पाणी आटून भांडं जास्त तापलं की कुकर आपोआप बंद होतो. मी दाबलं, तर ते खाली गेलं आणि वर येईचना. चष्मा लावून पाहते तो कडेला एक करपलेलं शीत दगडासारखं रुतलेलं! बटण टेकतच नव्हतं, मग कुकर तापतच राहणार. शितावरून भाताची परीक्षा करतात, इथे माणसाची झाली.

सुईने शीत काढलं. आज पुन्हा भात लावला आणि समोर बसून राहिले. टक् करून बंद झाला. भात कसा मोकळा, फुलासारखा. दाखवायला कुणी नव्हतं.

पाणी तुम्ही घातलं होतं, वन्सं. तिन्ही वेळा. लेकीलाही हे वाचून दाखवा. तिथे तुम्हाला शेगडीजवळ फिरकू देत नाहीत, आणि तुम्हीही मुकाट्याने आयता चहा घेता, हे माझ्या कानावर आलंय.

पण खरं सांगू? ते शीत सापडलं नसतं तरी मी लिहिणारच होते. समजा, तुम्ही उद्या खरंच विसरायला लागलात. मग विसरा. पाणी मी घालीन, तुम्ही बसल्या जागेवरून मला नावं ठेवा. तुमचे भाऊ गेले तेव्हा आपण दोघींनी एकमेकींना सावरलं. तुम्ही गेलात तेव्हा मात्र मला सावरायला घरात कुणी उरलं नाही. घ्यायला कधी येऊ, तेवढं कळवा. बॅग मी उचलीन.

तुमचीच,
मड्डम