मामांनी दिलेला शब्द

प्रिय आक्का,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुझं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. काही सांगायचं असलं की मी सायकल काढायचो, नाहीतर तूच खिडकीतून हाक मारायचीस. आता लिहितोय, कारण उद्या सोमवारी मला पुण्याला उत्तर कळवायचं आहे. त्या उत्तरात तुझं नाव अडकलंय. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेतो.

माझं बरं चाललंय. खरंच. जेवतो, झोपतो, वह्या तपासतो. वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या सदराचा मजकूरही नेहमीसारखा वेळेत गेला, संपादकांना आठवण करावी लागली नाही. मीना म्हणते, "एकदा रडून घ्या." एखादं काम राहून गेलंय अशा सुरात म्हणते. मी हो म्हणतो. पण आत काही हलतच नाही, आक्का. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, चावला तरी कळत नाही, तसं झालंय.

तू गेलीस ते मला वर्गाच्या दारात कळलं. शिपाईमामा आले आणि हळू आवाजात सांगून उभे राहिले. फळ्यावर भिंगाची आकृती अर्धी झाली होती. मी ती पूर्ण केली. किरण कुठं एकत्र येतात तिथं टिंब दिलं, नाव लिहिलं, खडू ठेवला आणि मग निघालो. असं का केलं? मला सांगता येत नाही. तुला आलं असतं का?

दहाव्याचं सांगतो. तू तिथं होतीस की नव्हतीस, हे तुझं तुला ठाऊक. पण मी काय पाहिलं ते ऐक.

पंचगंगेच्या घाटावर आपली माणसं होती, शेजारी आणखी एका कुटुंबाचा विधी चालला होता. दाजींचे केस उतरवले होते. ते पायरीवर बसून होते. पिंड ठेवले. समोरच्या भिंतीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढायला लागलं. तेव्हा आपले चंदगडचे तात्यामामा पुढं झाले. सत्तरी ओलांडली तरी आवाज तोच! शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

"सुमे, ऐकतीस न्हवं? तुझ्या शुभाचं लगीन थाटात करतो बघ!"

कावळा नाही.

"तुझ्या नवऱ्याला एकटं पडू देत न्हाय!"

नाही.

"तुझी म्हस इकत न्हाय! तिला मरस्तवर सांभाळतो!"

म्हशीवरही नाही. कुणीतरी मागून कुजबुजलं, "मनात काय ऱ्हायलं असंल हो?" मामा वळले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हाच कळलं.

"सुमे, ह्या संभाला परत लॅबात धाडतो! मास्तरकी सोडाय लावतो त्याला! हा माझा शबुद!"

आणि कावळा आला. सरळ पिंडाला शिवला, भाताचा घास घेतला. मागून बायकांचा हुंदका फुटला. मामांनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्येच ऱ्हायलं होतं बघ पोरीचं," म्हणाले.

मी काय करत होतो, सांगू? मी कावळ्याकडं बघत होतो. माझ्या मनात एवढंच आलं की शेजारच्या कुटुंबाचा विधी नुकताच उरकून ती सगळी माणसं पायऱ्या चढून गेली होती, आणि मामाही त्याच वेळी ओरडायचे थांबले होते. शब्द दिला गेला, गर्दी हटली, आवाज थांबला, अशा तीन गोष्टी एकाच क्षणी बदलल्या. त्यातल्या कुठल्या गोष्टीनं कावळा आला, हे कसं ठरवायचं? सख्खी बहीण गेलेली, आणि मी हा विचार करत उभा होतो.

पण हे मामांना कोण सांगणार? ते रोज फोन करतात. "कधी जायचं ठरलं?" त्यातच पुण्याच्या लॅबमधल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचाही फोन आला. सांत्वनाचं बोलून झाल्यावर म्हणाला, उसाच्या तांबेरा रोगावर नवीन काम सुरू होतंय, तुझी खुर्ची मोकळी आहे, सोमवारपर्यंत कळव. मामांना हे समजलं तेव्हा ते म्हणाले, "बघ! तुझ्या आक्कानंच लावला फोन!"

खरं सांग, तुझी इच्छा तीच होती का?

कारण सुरुवात तर तूच केली होतीस! आठवतंय? मी सुट्टीवर आलो होतो. तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी पाटावर बसून बडबडत होतो. गव्हात चिकट प्रथिन असतं म्हणून चपाती लाटता येते, ज्वारीत ते नसतं, म्हणून तू उकळतं पाणी घालतेस. त्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि पीठ धरून राहतं. तू ऐकत होतीस. भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि विचारलंस,

"काय रं, एवढं सगळं तिकडं कुणाला सांगतोस?"

"कुणाला नाही. कागदावर लिहितो."

"आणि त्यो कागद वाचतंय कोण?"

"असतील माझ्यासारखे चार-पाच जण."

"त्यास्नी तर आधीच ठावं असंल की!"

मी हसलो. तू हसली नाहीस. तू भाकरी उलटलीस.

पुण्याला परत गेलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. माझं काम वाईट नव्हतं, आक्का. मला ते आवडायचं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबेऱ्याचे बीजाणू पाहताना दिवस कसा जायचा कळायचं नाही. पण संध्याकाळी दार ओढून घेतलं की वाटायचं, आज मी कुणाला काय सांगितलं? कुणालाच नाही. अशी काही वर्षं काढली. मग चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून कोल्हापूरला आलो आणि बी.एड.ला नाव घातलं. माझ्या बाकावरची मुलं मला काका म्हणायची.

पहिला सराव पाठ कसा झाला ते तुला सांगितलं होतं. अख्खा तास मी फळ्याकडं तोंड करून बुरशीवर बोललो. शेवटी वळून विचारलं, "काही प्रश्न?" पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, तास संपला का?" तू किती हसलीस! पदर तोंडाला लावून म्हणालीस, "बरोबर इचारलं की त्यानं!" त्या हसण्यावरून मला वाटलं होतं, तुला हे पसंत आहे.

मग शाळेत नोकरी लागली तेव्हा तू अशी गप्प का झालीस?

मी पेढे घेऊन आलो. तू ते देवापुढं ठेवलेस, हळदीकुंकू वाहिलंस आणि मला म्हणालीस, "च्या घेणार न्हवं?" एवढंच. बरं केलंस नाही, वाईट केलंस नाही. मी दोन कप चहा प्यायलो आणि घरी गेलो. त्यानंतरही गल्लीत कुणी विचारलं की तुझं आपलं तेच, "आमचा संभू सायंटिस्ट हाय." जत्रेच्या जेवणाला एका पावण्यांनी खोदून विचारलं, "कुठल्या लॅबला असतात?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तू त्यांच्या ताटात रस्सा वाढलास. "पावणं, आधी जेवा. गार व्हाय लागलंय."

तेव्हा मला राग आला होता. मास्तर म्हणायला लाज वाटते का तुला, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. आता वाटतं, कदाचित लाज नसेलच. तो शब्द म्हणायला तुला बरेच दिवस लागले होते. आधी तू सायन्टीस म्हणायचीस, मग कधीतरी शुभाकडून नीट म्हणून घेतलास. मेहनतीनं कमावलेली वस्तू कोण सोडतं? पण हेही माझंच अनुमान. तू काही बोलली नाहीस, आणि आता मामा बोलतात!

एक मात्र राहिलं. तू कधी माझ्या शाळेत आली नाहीस. मीही कधी ये म्हणालो नाही. बाजाराला जाताना फाटकावरून जायचीस. आत डोकावलं असतंस तर मी दिसलो असतो.

आता गुरुवारची गोष्ट ऐक. ती सांगायलाच खरं तर हे पत्र लिहायला घेतलंय.

तेरावं झाल्यावर मी शाळेत गेलो. नववीचा वर्ग नको इतका शांत होता. मी पुस्तक उघडलं तर दुसऱ्या बाकावरची ऋतुजा उभी राहिली. ही बारकी पोरगी, पण आवाज आपल्या मामांचा. म्हणाली, "सर, कावळा शिवला का?"

शेजारणीनं तिला खाली ओढलं. मी म्हणालो, शिवला. मग माझं मलाच कळलं नाही, मी सगळं सांगत गेलो. लगीन, दाजी, म्हैस, लॅब. बातमी सांगावी तसं सांगितलं. वर्ग ऐकत राहिला आणि हळूहळू प्रश्न सुरू झाले.

"सर, आधी तिथं गर्दी होती?"

"कावळे आधीपासनं बसलेलं, का नंतर आलं?"

"मामा वरडत असताना कसा येईल, सर? आमच्यात तर सगळी लांब सरकून गप बसत्यात."

आक्का, त्यांना हे मी शिकवलंय. एकदम निष्कर्ष काढायचा नाही, आधी काय काय बदललं ते विचारायचं. ती पोरं माझ्या बहिणीच्या दहाव्याला तेच विचारत होती, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पण ऋतुजाला कावळ्यात रस नव्हता. ती परत उठली. "म्हंजे सर, तुम्ही जाणार?"

"माहीत नाही. शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय?"

"नाही. मामांनी."

"मग मामास्नीच जाऊ दे की लॅबला!"

वर्ग फुटला. मागची पोरं बाकं बडवायला लागली. मीही हसलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांसमोर तात्यामामा आले, पटका बांधून, पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकावर ओणवलेले. हसता हसता मी खडू शोधू लागलो. टेबलावर नाही, पेटीत नाही. खडू माझ्या हातातच होता. आणि मला एकदम वाटलं, हे आक्काला सांगायला पाहिजे.

मग मी फळ्याकडं तोंड केलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. मागून ऋतुजाचा बारीक आवाज आला, "सर, चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. बस."

तू असतीस तर हेच म्हणाली असतीस. अगदी हेच, याच आवाजात! तुझ्या मनात काय होतं ते मला कधीच कळणार नाही, हे मी आता धरून चालतो. पण तू कधी कुणाकडून निरोप धाडला नाहीस. बोलायचं ते तोंडावर बोललीस, नाहीतर चहा ठेवलास. मग हे एवढंच कावळ्याकरवी कशाला सांगशील?

आज सकाळी मामांना फोन केला. जात नाही म्हणून सांगितलं. मामांचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाले, "आरं, पण ती अडकून पडंल की रं." त्या आवाजात राग नव्हता, आक्का. भीती होती. म्हातारा खरोखर घाबरलाय. त्यानं तुला मोकळं करायला शब्द दिला आणि आता तो शब्द मोडला तर पाप त्याच्या माथ्यावर, असं त्याला वाटतंय. कावळ्याचा हिशेब मी त्यांना सांगितला नाही. म्हणालो, "मामा, शनिवारी या. अर्ध्या दिवसाची शाळा असते. वर्गात बसा, बघा, आणि मग मला काय ते बोला."

"मी? शाळंत?"

"शेवटच्या बाकावर."

"च्या असतोय काय तिथं?"

"असतो."

"मग येतो," म्हणाले. पहाटेची चंदगडहून सुटणारी एसटी धरणार आहेत.

तेव्हा आता हा माझा शब्द. माझ्या तोंडानं दिलेला, कावळा नाही, घाट नाही. उद्या पुण्याला नाही म्हणून कळवतो. शनिवारी मामांना आणि दाजींना वर्गात बसवतो. पीठ दाजी आणणार आहेत, गव्हाचं आणि ज्वारीचं. पाणी उकळायला शाळेच्या प्रयोगशाळेत सोय आहे. पोरांना दोन्ही पिठं गार पाण्यात मळायला लावीन, मग ज्वारीचं उकळत्या पाण्यात. चिकट का होतं ते त्यांनाच शोधू दे. मामा मधेच बोलतील. बोलू दे.

आणि वर्षश्राद्धाला पिंडाला कावळा नाही शिवला, तर कुणाला काही कबूल करू देणार नाही. सगळ्यांना लांब सरकवून गप्प बसवीन आणि थांबेन. तुला सवडीनं येऊ दे.

तू विचारलं होतंस, एवढं सगळं कुणाला सांगतोस. आता रोज सकाळी मी वर्गातल्या पोरांची नावं मोठ्यानं घेतो आणि ती एकेक करून हजर म्हणतात.

तुझा,
संभू