खोडरबर शोधू नकोस

सई,

अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातेय. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. आमटी गरम करून घे, माझ्यासाठी थांबू नकोस.

काल तू इंग्रजी व्याकरणाचा सराव-पेपर भिरकावलास आणि रविवारी बँकेच्या परीक्षेला जाणारच नाही म्हणालीस. तो पेपर मी सकाळी ओटीवर उन्हात धरून भिंगातून पाहिला. अकरा उत्तरं चुकलीत. त्यातल्या आठ ठिकाणी तू आधी बरोबर पर्यायावरच खूण केली होतीस, मग ती खोडून दुसरी केलीस. पेन्सिलीचे वळ अजून दिसतात. म्हणजे व्याकरण तुला येतं गं. प्रश्न जरा फसवा वाटला की तू स्वतःवरच संशय घेतेस. तुझा बाबाही लहानपणी असाच खोडत बसायचा, वहीला भोकं पडेपर्यंत.

टेबलावर नवा पेपर ठेवलाय. वाक्य मोठ्याने वाच, आधी कर्ता शोध, मग त्याचं क्रियापद, खूण कर आणि पुढे जा. डोळ्यांत औषध घातल्यावर मला आज वाचता येणार नाही, तेव्हा संध्याकाळी प्रश्न तूच मला वाचून दाखव.

खोडरबर माझ्या पर्समध्ये आहे. सोमवारी परत देईन.

आत्या