ताईच्या बाजूचा ब्रेक

रविवार, १४ जून

ताई,

नमस्कार. आमच्याकडे सगळे बरे. बारक्याला दात येताहेत आणि तो घरातल्या प्रत्येकाला चावून बघतोय. मोठीनं शाळेत कुणाला तरी ढकललं. बाईंनी विचारलं, "घरी काय शिकवता?" मी म्हटलं, "हिची मावशी गाडी शिकवते, तिच्या वळणावर गेलीय." ह्यांचं काम नेहमीसारखंच, घरी येतात ते झोपायला.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. उचलला असतास तरी हे बोलायचा धीर झाला नसता.

काल भावोजींचा फोन आला. तू ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी सोडलीस म्हणाले. मला हसूच आलं. बाबांना गाडी शिकवताना रडकुंडीला आणणारी तू, घरी बसणार? मी विचारलं, "का पण?" ते म्हणाले, "तिला वाटतं, तिच्यामुळे बाळ गेलं. सारखी तो ब्रेकच आठवत बसते."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तो दिवस मलाही आठवतो. तुझा शिकाऊ गाडी चालवत होता, मी मागे बसले होते. सिग्नल लाल झाला तरी तो बावळट पुढेच निघाला आणि तू तुझ्या बाजूचा ब्रेक दाबलास. मी पुढच्या सीटवर आदळले. तू त्याला सोडून आधी मागे वळलीस, माझ्या पोटाला हात लावलास. त्याच आठवड्यात मी तुला फोनवर सांगितलं, बाळ राहिलं नाही. तू विचारलंस, "त्या झटक्यानं?" मी नुसती रडले. नाही म्हणाले नाही.

ताई, त्या झटक्यानं काही झालं नव्हतं. मी गर्भपात करून घेतला. तुझ्या गाडीत बसले तेव्हाच दवाखान्याची वेळ ठरलेली होती. तेच सांगायला तुझ्याबरोबर निघाले होते, पण तू बाळासाठी मागच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते विचारत राहिलीस आणि माझी जीभ उचलेना. मग तुझा ब्रेक मला आयताच सापडला.

इतकी वर्षं उपचार करून थकलेली तू म्हणालीस, "तुला तिसरं नकोय ना? नऊ महिने सांभाळ, पुढचं मी बघते." मी पटकन हो म्हटलं, अगदी मनापासून. पण दिवस पुढे सरकले तसं कळायला लागलं, मला ते द्यायला जमणार नाही. तुझ्याकडे वाढून त्यानं मला मावशी म्हणायचं आणि मी हसून बघायचं! आणि ठेवून घ्यायचं म्हटलं तर बारक्याच्या वेळचे ते महिने आठवून अंगावर काटा यायचा. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, ते तुलाच माहीत आहे.

हे म्हणतात, "अजून बाळ कुठं होतं ते? कशाला मनाला लावून घेतेस?"

मी म्हटलं, "ताईसाठी होतं."

"आणि तुझ्यासाठी?"

कधी वाटतं, शरीर माझं, सोसणारी मी, कुणाला जाब द्यायचा? तर कधी बारक्याला अंघोळ घालताना हात थांबतो आणि वाटतं, मी फार वाईट केलं. रोज वेगळं वाटतं, ताई. एक मात्र रोज सारखंच वाटतं. ते ओझं तुझ्या गळ्यात टाकलं, हे पाप आहे. त्यात दुसरी बाजूच नाही.

माफी मागत नाही. मागितली की तू देऊन मोकळी होशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. रागाव, हवं तर माझं तोंड बघू नकोस. पण स्वतःला दोष देणं आज, आत्ता बंद कर.

पोरं विचारतात, मावशी का येत नाही. मी सांगते, तिला कामातून सवड नाही. माझं एवढं एक खोटं तरी खरं कर. उद्या कामावर जा.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
धाकटी