अकोल्याच्या नोकरीचं पत्र

अमरावती,
५ फेब्रुवारी २०२४

प्रिय रागिणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ चुलीत घालशील, अशी धास्ती वाटतेय. घालायचं तर खुशाल घाल, पण वाचून घाल बाई. तुझं एक काम या पत्रात अडकलंय आणि त्याला येत्या सोमवारपर्यंतची, बारा तारखेपर्यंतची मुदत आहे. आधी तेच सांगून मोकळी झाले असते. पण मागचं वाचल्याशिवाय तुला ते पटायचं नाही. पत्र रहिमाबी खालांच्या हाती देतेय. त्या उद्या तुमच्या नांदगावला बांगड्या घेऊन निघाल्यात आणि तुझी आई त्यांच्याच हातून बांगड्या भरते, म्हणून दारातून परत पाठवणार नाही. फोन तर करून थकले. आपल्या प्रशिक्षण सेंटरचे नंबर तू बंद केलेस, माझाही केलास. बरोबर केलंस. संशय आला की दार लावून घ्यायचं, हे आम्हीच तुला शिकवलं.

इकडे वर्ग चालू आहे. धर्मपाल सर अजून तसेच, बोर्डावर लिहिता लिहिता अर्धा खडू बाहीला पुसतात. तुझ्या वर्गातल्या पियुषला पुण्यात नोकरी लागली. जाताना माझ्या टेबलाशी आला आणि तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे. आता मला काय ठाऊक तू बरी आहेस का? पण म्हटलं खरं. हल्ली माझ्या तोंडून खोटं फार सहज निघतं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? तुझी आई, कौशल्याताई बरोबर होत्या, जिना चढून गुडघे धरून बसल्या. मी माझं काम समजावून सांगितलं, की सर संगणकावरची चोरी पकडायला शिकवतात आणि शिकलेल्या पोरांना नोकरीला चिकटवायचं ते मी बघते. अर्ज, फोटो, मुलाखतीची तालीम, रडणं-रुसणं सगळं माझ्या टेबलावर. त्यावर तुझी आई म्हणाली, ‘म्हंजे तुमी सोयरीक जुळवता म्हना की!’ किती हसलो आपण तिघी. मग तू माझा तो फॉर्म भरलास. कुठे नोकरी हवी आणि का. बाकी सगळ्यांनी पुणे, बंगळूर लिहिलं होतं. तू लिहिलंस अकोला. दिवसाची पाळी असावी, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी जाता यावं, आईला पाणी भरवत नाही, दोन वर्षं सोयाबीन पिवळं पडून हातचं गेलं आणि बाबा बोलायचेच बंद झालेत. शेवटी लिहिलं होतंस, नोकरी लागली की पहिली खबर आईला देईन, तिला हसलेलं पाहून लय दिवस झाले. त्या फॉर्मच्या माथ्यावर मीच छापून घेतलं होतं, की ही माहिती फक्त मार्गदर्शकाजवळ राहील. ते वाक्य आता मला रोज दिसतं.

तालमीत तू अडखळायचीस. ‘मी तपासून राहिली’ म्हणायचीस आणि जीभ चावायचीस. मी म्हणायचे, अगं, चोर पकडला म्हणजे झालं, तो वऱ्हाडीत पकडला तरी चोरच असतो. मग नोव्हेंबरात आपण दोघी अकोल्याला गेलो. खाली पिठाची गिरणी, बाजूनं तो अरुंद जिना आणि वर ती कचेरी, जिथे बसून दहा-बारा जणं बँकांच्या संगणकांवर पहारा देतात. तू माझा काळा कोट घातला होतास आणि जिन्यातच त्याच्यावर पीठ उडालं. मी झटकत होते आणि तू म्हणत होतीस, ‘आपा राहू द्या, गरिबाचं पावडर हाय.’ मॅडमची आपा मी त्याच जिन्यात झाले बघ. मुलाखत होऊन खाली आलीस तेव्हा तुझा चेहराच सांगत होता. माझ्या माहेरी जेवलो. अम्मीनं तुझ्यासाठी नव्या भांड्यात वांगं-आलू केलं होतं, अब्बा तर तुझ्या पानावरून हटेचनात. कंपनीवाले म्हणाले होते, जागा मंजूर व्हायला वेळ लागेल, जानेवारीपर्यंत कळवू. तू त्याच्यावर दिवस मोजायला लागलीस आणि खरं सांगते, मीही.

आता त्या परीक्षेचं. सरांनी ठरवलं होतं, पोरांना न सांगता एक खोटा मेल पाठवायचा आणि कोण गळाला लागतं ते बघायचं. सगळीकडेच असं करतात, त्यात सरांची चूक मी काढत नाही. तू मात्र आजवर त्यांचीच चूक समजत आलीस. परीक्षेनंतर गाडीला निघताना म्हणाली होतीस, की सरांना काळीज नाही. मी तो समज तसाच राहू दिला. रागिणी, सर लाइटबिलाचा मेल पाठवणार होते. लाइन कापू, ताबडतोब भरा, तसला. मीच म्हटलं, त्याला कोण भुलतंय? पोरं हुशार झालीत, मी लिहिते असं काही की बघाच. मोठी शहाणी ना मी! ज्याला जे हवं ते त्याच्या मेलात घालायला कपाटातून फॉर्म काढले आणि तुझा वर ठेवला. अकोला लिहिलं. दिवसाची पाळी लिहिली. शनिवारी अर्धा दिवस, कचेरीजवळ मुलींसाठी राहायची सोय, सगळं लिहिलं. तुझं मन मला पाठ होतं, म्हणून मला एक शब्दही खोडावा लागला नाही. वाचून सर म्हणाले, ‘मॅडम, हे जरा जास्त होऊन नाही राहिलं?’ आणि मी म्हटलं, खरा चोर काय दया करतो? स्वतःच्या लिखाणावर खूश होते गं मी. हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

नोव्हेंबर संपता संपता एका शनिवारी दुपारी मेल गेला. बावीसातल्या नऊ जणांनी त्यातली लिंक दाबली, त्यांतल्या बाकीच्यांनी ते नंतर हसण्यावारी नेलं. तू घरी होतीस. तुझा फोन आला, ‘आपा, लागली मले! अकोल्याचीच लागली!’ आणि मागून कौशल्याताईंचा आवाज, की मॅडमले पेढे खायला बलाव. तुला वाटतं ना, की आपालाही माहीत नव्हतं, तीही माझ्यासारखीच फसली? नाही. मला माहीत होतं. तुझा आवाज ऐकला तेव्हा तो मेल लिहिलेलं पान माझ्यासमोर टेबलावर होतं. परीक्षेचा नियम असा, की सोमवारपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, नाहीतर एक पोर दुसऱ्याला सांगतं आणि सगळं वाया जातं. मी नियम पाळला. ‘अभिनंदन बेटा’ म्हटलं आणि फोन ठेवला. एका वाक्याचं काम होतं. थांब म्हटलं असतं, कुणाला सांगू नको म्हटलं असतं, तरी भागलं असतं. मनात आलं होतं, हे जास्त वाईट. आलं होतं आणि मी म्हटलं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

दोन दिवसांत काय होतं ते मला कळायला हवं होतं. मी काय पुण्याची आहे? जन्म वऱ्हाडात गेला. पोलीस भरती असो की तलाठ्याची परीक्षा, निवड झाली की रात्र उलटायच्या आत चौकात फ्लेक्स लागतो, हे पोरासोरांना ठाऊक. तुझ्या खुशालराव मामांनी रविवारी सकाळी नांदगावच्या स्टँडवर लावला. ‘कु. रागिणी हिची अकोला येथे सायबर सुरक्षा कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ सोमवारी सरांनी वर्गात सगळं उघड केलं. तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, ‘आपा, फ्लेक्स लागला हो.’ मी तुला पोटाशी धरलं, डोक्यावरून हात फिरवला, त्याच हातानं तो मेल लिहिला होता. तू संध्याकाळच्या गाडीनं गेलीस ती पुन्हा आलीच नाहीस.

डिसेंबरात मी नांदगावला येऊन गेले, हे तुला ठाऊक नाही. सगळं सांगून टाकायचं ठरवून निघाले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बकऱ्यांच्या गोठ्यावर तो फ्लेक्स आच्छादन म्हणून टाकला होता, वर दोन विटा. तुझा अर्धा चेहरा दिसत होता आणि अंगात माझा काळा कोट. अर्जासाठी मीच काढून घेतलेला फोटो तो. अंगणात तुझे बाबा बसले होते. चंद्रभानभाऊ मला ओळखतात, हाकही मारली असती. मी पदर डोक्यावर ओढला आणि आल्या पावली स्टँडवर गेले. परतीच्या गाडीत शेजारची बाई विचारायला लागली, काहून रडून राहिली व? मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. बघ, पुन्हा खोटं.

सरांना आणि संचालकांना मी गेल्या आठवड्यात लिहून दिलं, की तो मेल माझा आणि त्यातला मजकूर पोरांनी विश्वासानं दिलेल्या फॉर्ममधला. वर्गातही उभी राहून सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं तेवढा आपला फॉर्म परत मागितला. मी सगळ्यांचे देऊन टाकले. तुझा या पाकिटात आहे. माझं टेबल राहील की जाईल ते कळेल. त्याचं ओझं तू घेऊ नकोस आणि मला माफ कर असंही मी म्हणत नाही, मागायला मला तोंड नाही.

मग लिहिलं कशाला, तर ऐक. एकोणतीस जानेवारीला तुला एक मेल आला. अकोला, दिवसाची पाळी, बारा तारखेच्या आत होकार कळवा. तू त्यातली लिंक उघडली नाहीस, संशयित मेल कळवायचा आपल्या सेंटरचा जो पत्ता आहे त्याच्यावर पाठवून दिलास आणि खाली कारणं लिहिलीस. बातमी गोड आहे. घाई केली आहे. आणि तिसरं, ‘मला जे पाहिजे नेमकं तेच यात लिहिलं आहे, म्हणून खोटं आहे.’ बेटा, तो मेल खरा आहे. कंपनीच्या बाईंनी तुला तीनदा फोन केला, तू कापलास, शेवटी त्यांनी मला विचारलं, की मुलगी येणार आहे की दुसरीला घेऊ? जागा एकच आहे. पण मी सांगते म्हणून तू खरं मानू नकोस. मी दिलेला नंबर लावू नकोस, म्हणून या पत्रात एकही नंबर लिहिला नाही. तुझ्या बाबांना घे, सोमवारच्या आत अकोल्याला जा. पिठाची गिरणी तुला माहीत आहे, जिना तू स्वतःच्या पायांनी चढली आहेस, वर गेल्यावर ज्या बाईंनी तुझी मुलाखत घेतली त्यांना समोरासमोर विचार. सगळं खरं निघालं तर पहिली खबर आईला दे. मला नको देऊस. आणि फ्लेक्स लागलाच, तर या खेपेला फोटो तुझ्या स्वतःच्या कपड्यातला लाव.

तुझीच, हे तेवढं तपासून न बघता खरं मान,
अफसाना