टोकाच्या घराचा वाटा

बा, तू गेल्यावर तलावातली मासळी वाटायला तुझ्यासारखा माणूस गावाला मिळाला नाही. जाळं ओढून झालं की काठच्या पाळीवर ढीग लागायचे आणि तू त्यांच्याकडे पाठ करून, धानाच्या बांध्यांकडे तोंड करून उभा राहायचास. कोणीतरी एका ढिगाला बोट लावून विचारायचं, "हा कोनाचा?" तू न बघता सांगायचास, "वडाखालच्या घराचा." मग "मारुतीजवळच्या घराचा." आणि त्यातच, आवाज तसूभर न बदलता, "टोकाच्या घराचा." टोकाच्या घरात काकू एकटी, जाळं ओढायला पुरुष नाही. पण तुझ्या तोंडून तिचं घर इतरांसारखंच यायचं, म्हणून तीही इतरांसारखीच टोपली घेऊन उभी असायची. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकूच्या घरून तं कोनी आलंच नाई, मंग तिले वाटा काऊन?" घरी आल्यावर तू एवढंच म्हणालास, "सारे जानतात ते बोलून दाखवाचं नाई." आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. त्याची मला अजून लाज वाटते.

आता पाठ करून उभा राहणाऱ्यावर कोणाचाच भरवसा नाही. दर वेळी भांडणं. शेवटी मच्छीमार सोसायटीतल्या लोकांनी मला गळ घातली, "भाऊ, मोबाईलमधी काही होते का पाहा ना." मी तालुक्याला, मूलच्या राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून मी शहाणा! प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण आता ते लागतही नाही. काय हवं ते एआयला साध्या मराठीत लिहून सांगायचं, ते चालतं अॅप बनवून देतं. मी लिहिलं, जाळं ओढायला येतील त्यांची हजेरी घे, तितके वाटे धर, कोणता वाटा कोणाचा ते तूच ठरव. चहा निवायच्या आत सगळं तयार. पहिल्या दिवशी खरंच कोणी भांडलं नाही. काकू रिकामी टोपली घेऊन घरी गेली.

त्याच दुपारी मी पुन्हा लिहिलं, ज्या घरात पुरुष नाही त्या घरालाही वाटा दे. तेही लगेच झालं. फक्त यादीच्या खाली 'मदत' असा वेगळा रकाना आला आणि त्यात एकच नाव. मी ते पुसून वरच्या नावांत मिसळलं, तोवर यादी साऱ्यांच्या मोबाईलवर गेली होती आणि शेजारणीने काकूला वाचून दाखवलं होतं. मासळी घेऊन मी तिच्या दारात गेलो.

"ने बापू परत," ती म्हणाली. "तुया बा मले वाटा देत होता. तू मदत देऊन राह्यला."

"चुकलं काकू. आता तुमचं नाव वर घेतलं."

"वर घे का खाली घे. साऱ्यायनं वाचलं ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती तलावाकडे फिरकलेली नाही, आणि यापुढे येईल असं मला वाटत नाही. अॅप मात्र छान चाललंय. शेजारच्या गावानेही मागितलंय.

मशीनला आपल्या रीती काय कळणार, असं मी गावात सांगतो आणि लोक माना डोलावतात. हे पत्र कुठेच पोचायचं नाही म्हणून तुला खरं सांगतो. अॅप बनवण्याआधी एआयने मला विचारलं होतं, हजर नसलेल्या कोणाला वाटा असतो का? मला काकू आठवली होती, बा. कसं लिहावं ते सुचेना, मिलमधली कामंही पडली होती. मी 'नाही' लिहिलं.